बेसमेंट फिनिश करताय? विम्याचा पहिला प्रश्न ‘पाणी कुठून आलं’ हाच असतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. घर १९८० च्या सुमाराचं आहे. खाली नऊशे चौरस फुटांचं मोकळं बेसमेंट आहे. तिथे एक बेडरूम, बाथरूम, छोटं सिंक आणि बाकी मोठा हॉल करायचा आहे. आई-बाबा दरवर्षी पाच-सहा महिने पुण्याहून येतात, ते खालीच राहतील. कॉन्ट्रॅक्टरने ६०,००० डॉलर सांगितलेत. परमिट न काढता केलं तर सात-आठ हजार वाचतील म्हणतो. होमओनर्स पॉलिसी आहेच. विमा कंपनीला कळवायचं का, आणि कधी?”

कळवायचं, आणि काम सुरू व्हायच्या आधी कळवायचं. पण एवढंच सांगून थांबलो तर तुमचा फायदा कमी आणि माझी जबाबदारी टाळल्यासारखं होईल.

मी या राज्यात बावीस वर्षं विम्याच्या कामात आहे. आता एजंट आहे, पण पहिली सहा वर्षं क्लेम बघायला जायचो. त्या सहा वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बेसमेंटचा क्लेम आला की घरमालक नुकसान किती झालं ते सांगायला लागतो: कार्पेट गेलं, सोफा गेला, टीव्ही गेला. अ‍ॅडजस्टरला, म्हणजे कंपनीकडून नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, मात्र आधी एकच गोष्ट हवी असते, पाणी कुठून आलं. वरच्या पाइपमधून? जमिनीतल्या ड्रेनमधून? सम्प पिटमधून, म्हणजे जमिनीखालचं पाणी गोळा करून पंपाने बाहेर टाकणाऱ्या खड्ड्यातून? खिडकीतून? की भिंतीतून झिरपत? पाणी तेच, ओला झालेला सोफाही तोच. पण या पाच उत्तरांपैकी एकाला बहुतेक पूर्ण पैसे मिळतात, दोघांना वेगळं कलम घेतलं असेल तरच मिळतात, आणि उरलेल्या दोघांना होमओनर्स पॉलिसीतून शून्य.

एक घर सांगतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस इथे कोसळला. नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच. गणपती नऊ दिवसांवर आले होते. तिसऱ्या दिवशी माझ्या एका ग्राहकाच्या घरी गेलो. बेसमेंट नुकतंच, आदल्या वर्षी फिनिश केलेलं. कोपऱ्यात थर्माकोलचं मखर भिजून कलंडलेलं, कागदी फुलांचा रंग कार्पेटवर उतरलेला, पैठणी ठेवलेली बॅग उघडून ताईंनी जिन्याच्या कठड्यावर साड्या टाकलेल्या. भिंतीवर जमिनीपासून चौदा इंचांवर तपकिरी रेघ, पट्टीने आखल्यासारखी सरळ.

ते मला म्हणाले, “बाथरूमच्या शॉवरमधून काळं पाणी उसळलं, आम्ही डोळ्यांनी बघितलं.” हे खरं होतं. पण मागच्या खिडकीच्या बाहेरच्या खड्ड्यात, ज्याला इथे विंडो वेल म्हणतात, तिथेही चिखल काचेच्या अर्ध्यापर्यंत चढलेला होता आणि चौकटीच्या आतून ओघळ उतरलेले होते. म्हणजे पाणी दोन वाटांनी आलं होतं. ड्रेनमधून आलेल्या पाण्यासाठी त्यांच्याकडे १०,००० डॉलरचं कलम होतं. खिडकीतून आलेलं पाणी म्हणजे जमिनीवरून वाहत आलेलं पाणी, विम्याच्या भाषेत पूर. त्याचं काहीच नव्हतं. नुकसान चाळीस हजारांच्या पुढचं. त्यांच्या मुलीने रात्री अकरा वाजता शॉवरचा व्हिडिओ काढला होता. त्यात पाणी ड्रेनमधून वर येताना दिसत होतं आणि खिडकी तोवर कोरडी होती. त्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओमुळे निदान दहा हजार तरी वाद न होता मिळाले. उरलेले खिशातून.

आता तुमच्या घराकडे वळतो.

तुमची पॉलिसी बहुधा एचओ-३ प्रकारची असेल. अमेरिकेत स्वतःच्या घरात राहणाऱ्या बहुतेकांची तीच असते. तिच्यात घराची इमारत एका रकमेला, सामान दुसऱ्या रकमेला, आणि कोणाला इजा झाली तर तुमच्यावर येणारी जबाबदारी तिसऱ्या रकमेला विमित असते. आग, धूर, वारा, पाइप अचानक फुटणं, वॉटर हीटर फुटणं, हे सगळं बेसमेंटमध्ये झालं तरी चालतं. वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनची नळी निसटली आणि पाणी खाली उतरलं, तर तुमचं नवं सीलिंग, भिंती, फरशी सगळं धरलं जातं. फुटलेला पाइप मात्र तुमच्याच खर्चाने, आणि नळी सहा महिने टिपटिप गळत होती असं निघालं तर क्लेमच अडतो. ‘अचानक’ या एका शब्दावर खूप काही उभं आहे.

ज्याला पॉलिसी सरळ नाही म्हणते ते असं: पूर, जमिनीवरून वाहत आलेलं पाणी, गटार किंवा ड्रेनमधून उलट आलेलं पाणी, सम्प पंपातून ओसंडलेलं पाणी, आणि जमिनीखालचं पाणी भिंतीतून किंवा फरशीच्या भेगेतून झिरपणं. बेसमेंटमध्ये पाणी शिरायच्या ज्या नेहमीच्या वाटा आहेत, त्या जवळजवळ सगळ्या या एका वाक्यात येऊन गेल्या. कोरं सिमेंट असताना याने फार बिघडत नाही. मॉप मारला, पंखा लावला, दोन खोकी फेकली, झालं. साठ हजार खर्च केल्यावर तेच वाक्य वेगळं दिसायला लागतं.

ड्रेन आणि सम्पसाठी वेगळं जोडकलम मिळतं, ‘वॉटर बॅकअप अँड सम्प ओव्हरफ्लो’. ते मागून घ्यावं लागतं. खूप जणांकडे ते असतं, पण ५,००० डॉलरचं, कारण घर घेताना एजंटने तेवढं घातलं आणि नंतर कोणी बघितलं नाही. तुमच्या नव्या बेसमेंटला ५,००० म्हणजे ओलं सामान उपसून टाकणं आणि वाळवण्याची मशीनं लावणं एवढ्यातच संपतील. पाणी काढणारी कंपनी रात्री बाराला येते तेव्हा तिचं बिल काय असतं ते एकदा कोणाला तरी विचारा. माझं मत: नऊशे फुटांच्या फिनिश केलेल्या बेसमेंटला २५,००० च्या खाली जाऊ नका, आणि तुमची कंपनी ५०,००० देत असेल तर त्याचा भाव तरी मागा. बऱ्याचदा फरक वर्षाला एका कुटुंबाच्या एका बाहेरच्या जेवणाइतका निघतो. आणि विचारताना एवढं नक्की विचारा: वीज गेल्यामुळे पंप बंद पडला तर हे कलम लागू होतं का? लाइट जाणं आणि मुसळधार पाऊस हे जोडीनेच येतात. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ असतं, पण ते ईमेलवर लिहून घ्या.

त्यातली मेख सांगतो. हे कलम घेतलं तरी पुराचं कलम घेतल्यासारखं होत नाही. सगळ्या गल्लीत पाणी भरलं आणि त्याच्या दाबाने तुमचा ड्रेन उलटला, तर कंपनी ‘मूळ कारण पूर’ असं म्हणू शकते. कलमाची भाषा कंपनीगणिक बदलते, म्हणून ते पान मागवून स्वतः वाचा. दोनच पानं असतात.

पुराचा विमा वेगळा. सरकारी कार्यक्रम १९६८ पासून आहे, त्याला एनएफआयपी म्हणतात. एका कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख, आणि ही दोन वेगळी खरेदी आहे. सामानाचं घेतलं नाही तर सामानाचं मिळत नाही. आणि घेतल्यापासून साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे टीव्हीवर वादळाचा गोल फिरायला लागल्यावर मला फोन करून उपयोग नसतो. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी निदान पाच-सहा जण करतातच.

हा विमा असलेल्या लोकांनाही बेसमेंटबद्दलचं खरं माहीत नसतं. सरकारी पूर विमा बेसमेंटमधलं काय देतो? फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल, सम्प पंप, जिना, वॉशर, ड्रायर, फ्रीझर आणि त्यातलं अन्न, साफसफाईचा खर्च. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्सम बोर्ड, तेही देतो, पण कसं: बोर्ड लाकडी चौकटीला खिळ्यांनी ठोकण्यापर्यंत. त्यावरची टेप नाही, पुट्टी नाही, रंग नाही. फरशी नाही, कार्पेट नाही, बाथरूममधलं कमोड-सिंक नाही, कपाटं नाहीत, सोफा, पलंग, टीव्ही नाही. थोडक्यात, तुमचं बेसमेंट आज जसं आहे तसं परत करून देण्याइतकं तो देतो. तुम्ही साठ हजारांत जे काही घालणार आहात, ते जवळजवळ सगळं त्याच्या हिशेबात नाहीच.

यात ‘बेसमेंट’ची व्याख्याही बघण्यासारखी आहे. ज्या भागाची फरशी चारही बाजूंनी जमिनीच्या पातळीखाली आहे ते बेसमेंट. उतारावरचं घर असेल, मागच्या दारातून पायरी न चढता थेट अंगणात पाऊल पडत असेल, तर तो मजला या व्याख्येत बेसमेंट ठरत नाही आणि पुष्कळ जास्त गोष्टी धरल्या जातात. पण बाहेरून चार पायऱ्या चढून वर यावं लागत असेल, तर दार कितीही मोठं असो, बेसमेंटच. तुमच्या प्रश्नात हे लिहिलेलं नाही, म्हणून मी बंद बेसमेंट धरून चाललो आहे.

खाजगी कंपन्यांचा पूर विमाही आता मिळतो आणि त्यातल्या काही बेसमेंटमधल्या फिनिशिंगला आणि सामानाला थोडी रक्कम देतात. तुमचं घर पूरक्षेत्राच्या नकाशाबाहेर असेल तर तिथला भाव मागून बघा. नकाशाबाहेर आहोत म्हणून पूर येत नाही, हा समज आयडाने आमच्या भागात बऱ्याच जणांचा उतरवला. रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल तर १९९९ च्या फ्लॉइड वादळातही बुडालं होतं आणि आयडातही बुडालं. पण त्या रात्री नदीपासून दोन-तीन मैलांवरच्या घरांतही पाणी भरलं, केवळ रस्त्यावरची गटारं पुरली नाहीत म्हणून.

आता रकमेचा मुद्दा, जो लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात महाग पडतो.

तुमच्या पॉलिसीवर इमारतीची एक रक्कम लिहिलेली आहे. ती बाजारभाव नव्हे, जमिनीची किंमत त्यात नाही. घर नव्याने बांधायला किती लागेल ती ती रक्कम. एचओ-३ मध्ये सर्वसाधारण नियम असा की ही रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर छोट्या नुकसानीचेही पूर्ण पैसे मिळत नाहीत, प्रमाणात मिळतात. समजा तुमचं घर बांधायला ५ लाख लागतात आणि विमा ४ लाख २० हजारांचा आहे. म्हणजे ८४ टक्के, ठीक. आता बेसमेंट झालं, पुनर्बांधणीचा खर्च ५ लाख ६० हजार झाला. त्याचे ८० टक्के म्हणजे ४ लाख ४८ हजार. तुमचे ४ लाख २० हजार आता कमी पडले. पुढच्या वर्षी वरच्या स्वयंपाकघरात आग लागून ४०,००० चं नुकसान झालं, तर डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुमच्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, कापायच्या आधीच ते ३७,५०० वर येऊ शकतं. बेसमेंटचा त्या आगीशी काही संबंध नव्हता, तरी अडीच हजार त्यापायी गेले.

बऱ्याच जणांकडे इमारतीच्या रकमेवर आणखी २५ किंवा ५० टक्के देणारं जोडकलमही असतं. त्याच्या छोट्या अक्षरांत सहसा एक अट असते: घराची किंमत ५ टक्के किंवा जास्त वाढवणारं काम केलं तर ते पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत कळवायचं. तुमचे साठ हजार या ५ टक्क्यांच्या कितीतरी वर जातात. न कळवलं तर ते वरचे टक्के हातचे जाऊ शकतात, आणि ते नेमके पूर्ण घर जळतं तेव्हाच लागतात. ‘कळवायचंच का?’ याचं हे उत्तर.

कंपनी प्रीमियम वाढवेल, हो. साठ हजारांच्या भरीला तो वर्षाला काही शेकड्यांच्या आत असतो, बॅकअपचं कलम धरून. तुम्हाला भीती मला वाटतं प्रॉपर्टी टॅक्सची आहे. कॉन्ट्रॅक्टर ‘परमिट नको’ म्हणतो त्यामागेही तीच असते, फी नव्हे. काम संपून परमिट पूर्ण झालं की टाउनशिपचा असेसर, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी, येतो आणि घराची करपात्र किंमत वाढवतो. हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

तरीही परमिट काढा. याबाबत आपल्या लोकांत एक अफवा फिरते की परमिट नसेल तर विमा कंपनी क्लेम देतच नाही. असं सरसकट कलम मला आजवर कुठल्याही पॉलिसीत दिसलेलं नाही. विनापरमिट केलेल्या बेसमेंटचेही क्लेम मिळालेले मी बघितले आहेत. त्रास वेगळ्या वाटेने येतो. विनापरमिट म्हणजे इलेक्ट्रिकचं काम कोणी तपासलेलं नाही. आग तिथून लागली तर सदोष काम या नावाखाली त्या कामाच्या दुरुस्तीचे पैसे जातात. आगीने झालेलं पुढचं नुकसान सहसा मिळतं, पण महिनोन् महिने पत्रव्यवहारानंतर. पुन्हा बांधताना टाउनशिप म्हणते, आता सगळं कायद्यानुसार करा. नियम बदलल्यामुळे वाढणारा खर्च पॉलिसीत धरलेला असतो, सहसा इमारतीच्या रकमेच्या १० टक्के. पण जे मुळातच नियमाबाहेर होतं ते नियमात आणायचे पैसे त्यातून मागणं म्हणजे वाद आलाच. आणि अर्जात किंवा नूतनीकरणात ‘बेसमेंट अनफिनिश्ड’ लिहिलेलं राहिलं, तर तुम्ही माहिती लपवली असा मुद्दा कंपनीच्या हाती आयता जातो. घर विकायला काढाल तेव्हा खरेदीदाराचा वकील टाउनशिपकडून परमिटचे कागद मागवतो तो ताप निराळा.

पण माझं खरं कारण विम्याचं नाही. तुम्ही आई-बाबांना तिथे झोपवणार आहात. बेसमेंटमधल्या बेडरूमला बाहेर पडण्याजोगी खिडकी लागतेच: मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या आत. बाहेरचा खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर शिडी. परमिट काढलं की इन्स्पेक्टर टेप लावून हे मोजतो. परमिट नसलं की कॉन्ट्रॅक्टर तुमची जुनी १५ इंचांची पट्टीची खिडकी तशीच ठेवतो आणि वर छान पडदा लावून देतो. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात जे १३ जण गेले, त्यांतले ११ तळघरातल्या घरांत होते. सत्तरीच्या बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर आणा आणि ४४ इंच ही उंची भिंतीवर पेन्सिलने आखून बघा. नियमात बसणारी खिडकीही त्यांना अवघडच आहे. म्हणून जमलं तर आई-बाबांची खोली वर आणि मुलांचा पसारा खाली, असं मी आगाऊपणाने सुचवतो. तुमचं घर, तुम्ही ठरवा.

आई-बाबांबद्दल विम्याचं एक आहे जे फार कमी जणांना ठाऊक असतं. पाहुणा जिन्यावरून पडला तर तुमच्या पॉलिसीतलं वैद्यकीय खर्चाचं छोटं कलम आणि जबाबदारीचं मोठं कलम उपयोगी पडतं. पण तुमच्या घरात राहणारे नातेवाईक स्वतःच ‘विमित’ ठरतात, आणि विमित माणसाला झालेल्या इजेची जबाबदारी पॉलिसी घेत नाही. वर्षातले सहा महिने राहणारे आई-वडील पाहुणे की घरचे? आपल्याला असा प्रश्न पडणंसुद्धा विचित्र वाटतं, पण क्लेममध्ये तो विचारला जातो आणि दोन्हीकडून वाद घालता येतो. त्यामुळे ‘घराचा विमा आहे ना’ म्हणून त्यांचा व्हिजिटर मेडिकल विमा गाळू नका. बेसमेंटच्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा, हे कॉन्ट्रॅक्टरला आजच सांगा.

आणि हो, आई-बाबा भारतात असतात तेव्हा ती खोली भाड्याने द्यायचा विचार मनात आला तर आधी फोन करा. भाडेकरू आला की चोरीच्या कलमापासून टाउनशिपच्या झोनिंगपर्यंत सगळं बदलतं. त्यावर लिहायचं तर वेगळं उत्तर होईल.

कॉन्ट्रॅक्टरचं बघू. न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी लागते. तो क्रमांक ‘१३व्हीएच’ने सुरू होतो आणि करारावर छापलेला असला पाहिजे. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच. त्याच्याकडे दर घटनेला किमान ५ लाख डॉलरचा जबाबदारीचा विमा असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रमाणपत्राचा फोटो घेऊ नका. ‘तुमच्या एजंटला मला थेट ईमेल करायला सांगा’ म्हणा. ज्याच्याकडे आहे तो दुसऱ्या दिवशी पाठवतो. कामगारांचा विमा, वर्कर्स कॉम्प, त्याच प्रमाणपत्रावर दिसतो, तोही बघा. रोखीत काम करणाऱ्या चौघांपैकी एकाचा हात टेबल सॉमध्ये गेला तर पहिला शोध तुमच्या पॉलिसीचाच घेतला जातो. जो माणूस परमिट वाचवायला सांगतो तो विम्यातही वाचवत असतो, हा माझा अनुभव. अपवाद असतील, मला भेटले नाहीत.

काम चालू असताना गॅरेजमध्ये आणून ठेवलेलं साहित्य तुमच्या इमारतीच्या रकमेत धरलेलं असतं. चोरीबद्दल मात्र पॉलिसीगणिक अटी निघतात, त्यामुळे साहित्य अंगणात ठेवू देऊ नका आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या.

काय बांधायचं यावर माझं मत विचारलेलं नाही, पण सहा वर्षं ओली कार्पेटं उचलल्यावर गप्प बसवत नाही. कार्पेट नको. विनाइल प्लँक किंवा टाइल घ्या. ड्रायवॉल सिमेंटला टेकवू नका, अर्धा इंच वर ठेवून खाली पट्टी लावा, म्हणजे थोडं पाणी आलं तरी ते शाईसारखं वर चढत नाही. प्लगच्या खोक्यांची उंची वाढवून घ्या. बाथरूम गटाराच्या पातळीखाली जात असेल तर सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप लागेल, आणि मुख्य ड्रेनवर उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवता येतो का ते प्लंबरला विचारा, फरशी फोडलेली असतानाच. नंतर तोच व्हॉल्व्ह कितीतरी महाग पडतो. भिंती बंद करण्याआधी रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी करा, ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर पाइप बसवायची सोयीची वेळ तीच. रेडॉनचं विम्यात काही मिळत नाही. बुरशीचं मिळतं, पण बहुतेक पॉलिसींत ५,००० किंवा १०,००० वर थांबतं. म्हणून पाणी आल्यावर क्लेमच्या परवानगीची वाट बघत बसायचं नाही. फोटो काढायचे, व्हिडिओ काढायचा आणि लगेच वाळवायला सुरुवात करायची. तसं करणं ही पॉलिसीतली तुमची जबाबदारीच आहे. भिजलेल्या कार्पेटचा फूटभर तुकडा मात्र कापून ठेवा, अ‍ॅडजस्टर त्यावरून प्रत ठरवतो.

छोट्या क्लेमबद्दल एक. डिडक्टिबल १,००० आहे आणि नुकसान अठराशेचं, तर क्लेम करू नका. क्लेमची नोंद सात वर्षं राहते आणि पाण्याचे दोन क्लेम लागोपाठ झालेलं घर कंपन्यांना नको असतं.

देवघर खाली हलवणार असाल तर चांदीची भांडी चोरीला गेल्यास साधारण पॉलिसी २,५०० डॉलरवर थांबते आणि दागिन्यांना १,५०० वर. मुंजीतली, लग्नातली चांदी मोजून बघा, ते सहज ओलांडलेलं असतं.

आता फोनवर एजंटला काय म्हणायचं: काम कधी सुरू, कधी संपेल, किती खर्च, बाथरूम आणि बेडरूम होणार आहे, परमिट काढतोय. मग तीन गोष्टी ईमेलवर मागा. इमारतीची नवी रक्कम कशी काढली त्याचा कागद, बॅकअप कलमाचे २५,००० आणि ५०,००० चे भाव, आणि पूर विम्याचा सरकारी व खाजगी दोन्हीकडचा भाव. काम संपल्यावर टाउनशिपचं अंतिम प्रमाणपत्र, बिलं आणि भिंती बंद करण्याआधीचे पाइप-वायरींचे फोटो एकाच फोल्डरमध्ये, घराबाहेर कुठेतरी ऑनलाइन ठेवा. बेसमेंटमधल्या कपाटात नको, असं ठेवलेलंही मी बघितलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात सम्प पिटचा उल्लेख नाही. १९८० च्या घरात बहुधा कोपऱ्यात झाकणाखाली असेल. या शनिवारी झाकण काढा, बालदीने पाणी ओतत जा आणि तरंगणारा फ्लोट वर आल्यावर पंप सुरू होतो का बघा. मग त्याचा प्लग काढा आणि बॅटरीचा पंप आहे का ते बघा. नसेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये बार-सिंकच्या आधी ती ओळ घालून घ्या.